सोडायची कधी?

पदवीनंतरची पहिली नोकरी डोक्याला खाद्य देत नसेल, तर ती कधी सोडावी, हा प्रश्न पुण्या-बंगळुरूच्या पोरांना छळतो. भंडारा जिल्ह्यातल्या करडीच्या पदवीधराला ती चिंता नको म्हणून सरकारनेच सोय केली. २०२४ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना: विद्यावेतन महिना १०,००० रुपये, मुदत सहा महिने, पुढे वाढवून अकरा. सोडायची तारीख आधीच ठरलेली. राजीनाम्याचा कागदही वाचला!

काम तेवढेच भारदस्त: आवक-जावक नोंदवायची, झेरॉक्स काढायच्या आणि ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे चेहरा न हलवता सांगायचे. यात आव्हान नाही, अशी कुरकुर घरी करून पाहा. काकाजी म्हणतील, “पंख्याखाली बसून पैसे भेटतात, अन् तुले आव्हान पाह्यजे? चाल बांधीत, रोवणी सुरू हाये.”

म्हणून मुदत संपल्यावर राज्यभरातले प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसले. मुख्य मागणी: आम्हाला कायम करा. करिअर-सल्लागारांनी याची नोंद घ्यावी. कंटाळवाणी नोकरी सोडण्याआधी ती हातात असावी लागते.