नाना मालिका बघत नाहीत

मालिका न बघणाऱ्या पुरुषांची एक मोठी जमात महाराष्ट्रात रोज संध्याकाळी सातपासून साडेदहापर्यंत टीव्हीसमोर बसलेली असते. हातात पेपर असतो. तो सकाळीच वाचून झालेला असतो, त्यामुळे पान उलटायची घाई नसते. पाणी प्यायला ही मंडळी उठतात ती बरोबर जाहिरात लागल्यावर. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, "छे, मी कुठं बघतोय? ही बघते. मी आपला बसलोय." या जमातीचे आमच्या इमारतीतले प्रतिनिधी म्हणजे तळमजल्यावरचे नाना.

नाना दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झाले. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं, कुलमुखत्यारपत्रं यांत त्यांची हयात गेली. सही जुळते का, साक्षीदार जागेवर आहेत का, समोर अंगठा द्यायला उभा राहिलेला गणपत हाच कागदावरचा गणपत आहे का, हे बघायचं आणि शंका आली की दस्त परत पाठवायचा. अशा माणसाला निवृत्तीनंतर मराठी मालिकांपुढे बसवणं म्हणजे जुन्या फौजदाराला पाकीटमारांच्या संमेलनात पाहुणा म्हणून नेण्यासारखं आहे. कारण मालिकेतल्या खलनायिकेचा मुख्य धंदा सह्या घेणं हा असतो. विष, अपहरण, जिन्यावर तेल ओतणं हे सगळं सवडीचं काम.

प्रसंग ठरलेला असतो. वाड्यात पूजा चाललेली असते. जरीची साडी नेसलेली काकू हातात फाइल घेऊन येते आणि म्हणते, "दादा, जरा इथं सही करता? देवस्थानच्या देणगीचं आहे." दादा फोनवर बोलता बोलता सही करतात. काकूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा जातो, मागे ढोल-ताशा आणि वीज एकदमच कोसळते, आणि ती मनातल्या मनात, पण सगळ्या महाराष्ट्राला ऐकू जाईल असं म्हणते, "आता ही सगळी इस्टेट माझी!"

इथं नानांचा पेपर मांडीवर पडतो.

"तुझी कशी? शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत आहे ना? १९०८ चा नोंदणी कायदा, कलम १७! दस्त नोंदवायला नको? फोटो कुठाय? अंगठा कुठाय? ओळख पटवायला दोन माणसं कुठं आहेत? आणि मुद्रांक शुल्क कोण भरणार, हिचा बाप?"

"बाप मागच्या महिन्यात गेला तिचा," आमच्या काकू, म्हणजे नानांच्या सौ., भाजी निवडता निवडता सांगतात. "तुम्हीच सांगितलंत मला. मी तेव्हा देवळात गेले होते."

नाना पुन्हा पेपर उचलतात.

खलनायकाला शिव्या घालणारे प्रेक्षक सगळीकडे असतात. पण "मेली, हिचं वाटोळं होवो" इथवर सामान्य प्रेक्षक थांबतो. नानांचा राग पापावर नसतो, कार्यपद्धतीवर असतो. नवऱ्याला फसवून घटस्फोटाच्या कागदावर सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी बाई माहेरी निघाली, की नाना उसळतात. "हिंदू विवाह कायदा, कलम १३ ब! कोर्टात अर्ज लागतो, सहा महिने थांबावं लागतं, मग पुन्हा दोघांनी उभं राहायचं. कागदावर सही केली की सुटलात, असं असतं तर..." इथं ते काकूंकडे बघून वाक्य अर्धं सोडतात. उलट एखाद्या खलनायिकेनं मृत्युपत्र करून घेताना दोन साक्षीदार समोर बसवले, तर नाना मान डोलावतात. "बाई डोक्यानं चांगली आहे. चुकीच्या घरात पडली."

गंमत म्हणजे नायक-नायिकांची नावं त्यांना येत नाहीत. 'तो सुटाबुटातला' आणि 'ती रडकी' एवढ्यावर त्यांचं भागतं. खलनायकांची मात्र नाव, नातं, मागची गुन्हेगारी आणि चालू कारस्थान यांसह नोंद असते. सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे 'तुला पाहते रे'मध्ये २०१८ साली आला, तेव्हा घराघरांतल्या बायका त्याच्यावर लुब्ध होत्या. नाना पहिल्यापासून साशंक होते. "एवढा गोड बोलणारा माणूस कागद पुढं करणारच," असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे तो खरंच खलनायक निघाला आणि नायिका ही त्याच्या आधीच्या बायकोचा पुनर्जन्म निघाली. तेव्हा नानांनी एक कायदेशीर मुद्दा काढला, ज्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. "मागच्या जन्मीच्या मिळकतीवर या जन्मी वारसनोंद कशी लावणार? मृत्यूचा दाखला जोडायचा की जन्माचा?"

पुढे 'ठरलं तर मग'नं त्यांची झोप उडवली. सायली हीच खरी तन्वी असताना प्रिया तन्वी म्हणून घरात शिरली, हा नानांच्या दृष्टीनं तोतयेगिरीचा शुद्ध मामला. त्यात नायक अर्जुन सुभेदार वकील. "बाहेर खुनाचे खटले लढवतो आणि घरात खोटी बाई जेवायला बसते, ते दिसत नाही! अरे, मी असतो तर दारातच ओळखपत्र मागितलं असतं."

नानांच्या घरात खलनायकांवरचा राग आनुवंशिक असावा. त्यांच्या आई १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की टीव्हीला हात जोडून बसायच्या आणि मंथरा आली की तेच हात सोडवून बोटं मोडायच्या. मंथरा म्हणजे ललिता पवार, येवल्याच्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, डोळा कायमचा अधू झाला, नायिकेची कामं गेली आणि त्या डोळ्यानं पुढं पिढ्यान्‌पिढ्या सुनांना घाबरवलं. पडद्यावरच्या खलनायकांत निळू फुल्यांचं तर विचारूच नका. सेवादलात वाढलेला, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, चळवळींसाठी झिजणारा हा सज्जन माणूस गावात गेला की बायका त्याला तोंडावर शिव्या द्यायच्या. आपल्याकडे नटाला मिळणारी ही सर्वांत खरी पावती आहे, आणि ती द्यायला परीक्षक मंडळ नेमावं लागत नाही.

तिकडे जपानमध्येही हेच. १९८३ ची 'ओशिन' ही मालिका तिथं इतकी पाहिली गेली, की एका भागाला ६२.९ टक्के प्रेक्षक होते. त्यात सागा प्रांतातली सासू ओशिनला इतकी छळते, की सासूबाईंबरोबर अख्ख्या प्रांताचं नाव खराब झालं आणि तिथल्या लोकांनी तक्रार केली. आपल्याकडे अजून कुठल्या जिल्ह्यानं 'आमच्या सासवा अशा नाहीत' असं निवेदन दिल्याचं ऐकलं नाही. पुराव्याची अडचण असावी.

नानांच्या आयुष्यात कोरिया शिरला तो नातीमुळे. सुट्टीत आली की ती मोबाइलवर कोरियन मालिका बघते. नाना तिच्या शेजारी बसतात, बघत मात्र नाहीत. पहिले चार दिवस त्यांना सगळे एकसारखे दिसले. पाचव्या दिवशी 'द पेंटहाउस'मधला जू दान-ते कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि नाना म्हणाले, "हा बिल्डर आहे."

तो खरंच मालमत्तेच्या धंद्यातला निघाला. सोलमध्ये शंभर मजल्यांचा हेरा पॅलेस, त्यात राहणारी अतिश्रीमंत कुटुंबं, आणि प्रत्येकाचा दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा. नाना हरखले. त्यातली चॉन सो-जिन ही गायिका तर त्यांची लाडकी वैरीण झाली. बाप जिन्यावरून कोसळून मरायला टेकलाय आणि ही त्याच्या हातातले कागद सोडवून घेऊन पळते, घरी जाऊन रक्ताळलेल्या हातांनी पियानो वाजवते. नात डोळे झाकून बसली होती. नाना पुटपुटले, "कागद आधी, बाप नंतर. हिला म्हणतात खलनायिका." ही भूमिका करणाऱ्या किम सो-यॉनला २०२१ मध्ये तिकडचा मानाचा बेक्सांग पुरस्कार मिळाला, हे नातीनं सांगितलं तेव्हा आपल्या खात्यातल्या कुणाला बढती मिळावी तसे नाना खूश झाले.

आणखी एका गोष्टीनं त्यांना कोरियाबद्दल कायमचा आदर वाटू लागला. तिकडे महत्त्वाच्या कागदांवर सहीपेक्षा शिक्क्याला मान. आपल्या नावाचा शिक्का सरकारदरबारी नोंदवायचा आणि व्यवहाराच्या वेळी त्याचा दाखला जोडायचा. "म्हणजे तिथं खलनायकाला आधी शिक्का चोरावा लागतो, मग दाखला काढावा लागतो," नाना काकूंना समजावून सांगत होते. "इथल्यासारखं पूजेच्या ताटाखाली कागद सरकवून भागत नाही. कष्ट आहेत त्याला."

मात्र कोरियाचाही एक दस्त त्यांनी परत पाठवला. तिकडे २००८ साली एक मालिका गाजली होती. नवऱ्यानं मेली म्हणून सोडलेली बायको डोळ्याखाली एक तीळ रंगवून परत येते आणि नवरा तिला ओळखत नाही, उलट पुन्हा प्रेमात पडतो. नातीनं ही गोष्ट सांगितल्यावर नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीळ ही ओळखीची खूण असते. ओळख पटू नये म्हणून तीळ रंगवलेला मी नोकरीत कधी पाहिला नाही."

'पेंटहाउस'च्या शेवटाकडे मात्र त्यांचा विजय झाला. जू दान-ते हा जू दान-ते नव्हताच, त्यानं भलत्याच माणसाचं नाव चोरलं होतं, हे उघड झालं. रात्री अकरा वाजता नाना जिना चढून आमच्या दारात. "सांगत होतो की नाही? सगळ्यांनी त्याच्याशी करार केले. एकानं तरी मूळ कागद मागितले? एकानं?" मी मालिका बघत नसल्यामुळे त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. मग मी भाग कितवा ते विचारलं, तेव्हा कुठं ते शांत झाले.

'क्वीन ऑफ टियर्स'मध्येही तेच. उद्योगसमूहाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांच्या घरात वर्षानुवर्षं सोबतीला राहिलेली बाई शेवटी सगळं साम्राज्य गिळायला निघते, आणि घरचा जावई कंपनीचाच वकील. "सुभेदारांचा अर्जुन काय आणि हा काय," नानांनी निकाल दिला, "वकील घरात असला की घराकडे लक्ष नसतंच." त्यातल्या खलनायकाला बघून ते चमकले. हाच नट 'द ग्लोरी'मध्ये होता ना? होता. पार्क संग-हून त्याचं नाव. पण 'द ग्लोरी'मधली जॉन जे-जुन ही भूमिका इतकी चिकटली, की लोक त्याला त्याच नावानं हाक मारतात. नानाही तेच करतात. "हा जे-जुन इथं नाव बदलून आलाय" असं ते गंभीरपणे म्हणतात, आणि नट वेगवेगळ्या भूमिका करतात हे त्यांना ठाऊक नाही अशी शंका नातीला येते. मला येत नाही. ज्याचं एकदा रेकॉर्ड झालं त्याचं झालं.

एवढ्या कडक माणसासमोर एकच खलनायक असा आला, की ज्याच्यापुढे नानांची कलमं चालली नाहीत. तो 'आई कुठे काय करते'मधला अनिरुद्ध. डिसेंबर २०१९ पासून पुढची जवळजवळ पाच वर्षं मिलिंद गवळींनी हा नवरा उभा केला. मूळ बंगाली 'श्रीमयी', हिंदीत 'अनुपमा', शिवाय तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम. नवरा कुठल्याच राज्यात नव्यानं घडवावा लागला नाही. त्याचं ऑफिसातल्या संजनाशी असलेलं प्रकरण सोडून द्या, नाना त्या बाबतीत धुतल्या तांदळासारखे. पण हा माणूस विष घालत नाही, खोट्या सह्या घेत नाही. सोफ्यावर बसतो, जागेवरून चहा मागतो, रुमाल कुठाय विचारतो आणि बायकोला काही कळत नाही असं चारचौघांत म्हणतो.

सगळी इमारत त्याला शिव्या देत होती. मी एका संध्याकाळी नानांचं मत विचारलं. नानांनी पेपर डोळ्यांच्या पातळीवर नेला. "यात व्हिलन कुठाय? साधा माणूस आहे. ऑफिसातून दमून येतो," ते पेपरामागून म्हणाले. मग सवयीनं आत हाक मारली, "अगं, चहा टाकतेस ना?"

काकू आतून आल्या, टेबलावरचा रिमोट उचलला, आवाज चार घरांनी वाढवला आणि परत आत गेल्या. चहा त्या दिवशी आला नाही. मी होतो तोवर तरी नाही.

मालिका लिहिणाऱ्या मंडळींना नानांच्या वतीनं, म्हणजे त्यांना न विचारता, एक विनंती आहे. तुमच्या खलनायिकेला वाट्टेल ते करू द्या, पण इस्टेट हडपायची वेळ आली की तिला एकदा दुय्यम निबंधक कार्यालयात पाठवा. टोकन घेऊ द्या. दोन साक्षीदार गोळा करून आणू द्या. त्यांतला एक आधार कार्ड घरी विसरलेला असू द्या. अंगठा मशिनवर उमटू नये, जेवणाची सुट्टी व्हावी, आणि नंबर लागता लागता सर्व्हर बंद पडावा. चार महिन्यांचे भाग सहज निघतील, आणि नाना पेपर खाली ठेवून उघडपणे बघतील.