‘नाहीतर’पुढे काय?

‘जर-तरच्या गोष्टी नकोत’ असं कुणी म्हटलं की आपल्याकडे चर्चा संपते. संगणकाचा कारभार मात्र जर-तरवरच चालतो. शिल्लक असेल तर पैसे द्या, नाहीतर नकाराची चिठ्ठी. एटीएमची सारी मुत्सद्देगिरी एवढीच.

सुरुवातीच्या यंत्रांना हेही जमत नसे. कोनराड त्सुझे या जर्मन अभियंत्याने १९४१ साली बर्लिनमध्ये पूर्ण केलेलं झेड-३ हे यंत्र दिलेली आकडेमोड चोख करी. पण आलेलं उत्तर पाहून वाट बदलण्याची आज्ञा त्याच्यापाशी नव्हती. हे कर, मग ते कर. असे लोक आपण कचेऱ्यांमधून पाहिलेले आहेत.

१९५७ साली फोर्ट्रान ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा आली. तिच्या अटीला तीन फाटे होते: उत्तर शून्याहून कमी आलं तर एकीकडे, शून्यच आलं तर दुसरीकडे, जास्त आलं तर तिसरीकडे. मला ही रचना अगदी मराठी वाटते. लग्नाच्या आमंत्रणावर आपलीही तीनच उत्तरं असतात: ‘येतो’, ‘जमणार नाही’ आणि ‘बघू’. फोर्ट्रानमधली शून्याची वाट निदान कुठेतरी पोचते. ‘बघू’वरून किती पानं वाढायची, हे केटररला कोणी सांगावं?

खरी गंमत अपवादांची. सालाला ४ने भाग गेला तर लीप वर्ष. पण १००ने गेला तर नाही. पण ४००ने गेला तर पुन्हा आहेच. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं. तक्ते मांडणाऱ्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅमने मात्र १९००ला लीप मानलं. जुने तक्ते बिघडू नयेत म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून पुढे चालवली. कधीच न उजाडलेली २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख तिथे आजही सुखाने नांदते आहे.

‘अभ्यास केला नाहीस तर बघ!’ असं प्रत्येक घरात ऐकू येतं. त्या ‘बघ’पुढे काय, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं. प्रोग्रॅममध्येही ‘नाहीतर’ लिहायचं राहिलं की यंत्र रागवत नाही, विचारत नाही. मुकाट्याने पुढच्या ओळीवर जातं, आणि घोटाळा महिन्यांनी उघडकीस येतो. अट घालायला अक्कल लागत नाही. ती पुरी झाली नाही तर काय करायचं, हे आधी लिहून ठेवायला लागते.