मे महिन्यातली लोकर

धारणीत मे महिन्यात लोकर हातात घेऊन बसलं, की घरात येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, "काहून वं बाई, एवढ्या उन्हात स्वेटर?" विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. खुर्ची कूलरसमोर ओढतो आणि पाणी मागतो. म्हणून उत्तर इथे लिहिते.

माझी नोकरी पुण्याच्या शाळेत, माहेर धारणीत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, पुण्यातल्या जूनच्या मध्यावर. म्हणजे मला सहा आठवडे मिळतात. पुढे दिवाळीपर्यंत वह्या तपासण्यातून हात मोकळे होत नाहीत. भाचीचं बाळ मार्चमध्ये झालं. डिसेंबरात ते नऊ महिन्यांचं होईल, आणि मेळघाटातली डिसेंबरची पहाट काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या पहाटेचा स्वेटर आत्ताच विणायला हवा.

आता अडचणी. घामाने बोटं ओली झाली की अ‍ॅल्युमिनियमच्या सुईवर लोकर अडते, टाका पुढे सरकत नाही. मग दोरा नकळत जास्त ओढला जातो आणि वीण घट्ट येते. मेमध्ये विणलेली पाठ आणि पावसाळ्यात विणलेला पुढचा भाग टाके तेवढेच घालूनही मापाला जुळत नाहीत. गेल्या वर्षीचा एक स्वेटर मी याच कारणाने सगळा उसवला. बांबूच्या सुया असत्या तर बराच त्रास वाचला असता, कारण बांबू घाम शोषतो. मेळघाट बांबूचा मुलूख आहे. धारणीजवळच्या लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे, तिथल्या राख्या दूरवर जातात. आमच्या बाजारात मात्र मला सुया अ‍ॅल्युमिनियमच्याच मिळाल्या.

लोकरीचंही तसंच. मेमध्ये दुकानदार लोकर माळ्यावर टाकतो आणि "दिवाळीनंतर या" म्हणतो. बाळाच्या स्वेटरला दीडशे-दोनशे ग्रॅम लोकर पुरते, पण ती एकाच रंगाईची हवी. एक गुंडा कमी पडला आणि नंतर आणला, तर तोच रंगक्रमांक असूनही बाही वेगळी दिसते. हे दुकानदाराला पटवायला मला अर्धा तास लागला. शेवटी तो शिडीवर चढला, याबद्दल त्याचे आभार.

कूलरजवळ बसलं तर गुंडा वाऱ्याने घरंगळतो आणि दमट हवेने लोकर हाताला चिकटते. लांब बसलं तर मानेवर घाम आणि घामावर लोकरीचे तंतू. दुपारी वीज गेली की प्रश्नच मिटतो. घरात आमरस असतो, म्हणजे लहान मुलांचे हात पिवळे, आणि माझी लोकर पांढरी. ती मी पिशवीत घालून मांडीखाली ठेवते.

हे सगळं मी सोसते. सोसवत नाही ते एकच वाक्य: "हात रिकामेच आहेत तर ये, कुरडया घालू." माझे हात रिकामे नसतात. एका सुईवर ८४ टाके असतात आणि दर चौथ्या ओळीला नक्षी बदलते. मध्येच उठलं की मोजणी चुकते, आणि ते कळतं दहा ओळी झाल्यावर.

गच्चीवर याच उन्हात पापड, कुरडया, सरगुंडे वाळतात. आई पहाटे चीक घाटते, वहिनी भर उन्हात वाळवण उलटवते. पुढचं वर्षभर खायचं म्हणून आज राबायचं, याला कुणी वेडेपणा म्हणत नाही, आणि म्हणूही नये. माझा स्वेटर म्हणजे तसंच वाळवण आहे. डिसेंबरात बाळाच्या अंगात तो दिसला की "कधी विणला वं?" असं हेच लोक विचारतील.

पाठ पूर्ण झाली आहे, पुढचा भाग अर्धा झाला आहे, बाह्या राहिल्या आहेत. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, सुई अर्ध्यावर असताना हाक मारू नका. ओळ संपली की मी आपणहून उठेन आणि पापडही लाटेन.