अचानक पंक्चर कसे घडवून आणावे

पंक्चर अचानक होते, हा गैरसमज आहे. त्यासाठी महिनामहिना मेहनत घ्यावी लागते. भिवापूरकरांना निसर्गाची साथ आहे, हे खरे. धुऱ्यावर बाभळी आहेत, पायवाटेवर सराटे आहेत. तरी नुसत्या काट्यांवर विसंबू नये.

पहिली अट, हवा मोजायची नाही. जाता-जाता टायर बोटांनी दाबून ‘आहे अजून’ म्हणावे नि टांग मारावी. ट्यूबच्या रबरातून हवा आपसूक झिरपत असते. तिच्या कामात ढवळाढवळ नको. साध्या काळ्या सायकलीला चाळीस-पन्नास पौंड हवा लागते. टायरच्या कडेला हा आकडा बहुधा लिहिलेला असतो. त्यावरचा चिखल पुसू नये.

चाक पुरेसे बसले की कॅरिअरवर मिरचीचे पोते घ्यावे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे पंक्चरलाही प्रतिष्ठा येते. पोते हलके वाटल्यास वर धाकट्या भावाला बसवावे. मग शेताच्या रस्त्यावरचा एखादा खड्डा वेग कमी न करता गाठावा. रिमच्या दोन्ही कडा ट्यूबला चिमटतात आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात, साप डसल्यासारखी. एकट्या काट्याला हे साधत नाही.

पंक्चर काढून झाल्यावर टायर आतून चाचपू नये. काटा तिथेच असतो. उद्या पुन्हा त्याच दुकानात, त्याच घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे बघता येतात.

कधी ना काटा, ना भोक, तरी सकाळी चाक जमिनीला टेकलेले. अशा वेळी शेजारच्या पोरांवर संशय घ्यावा. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा येतो का, हे बघण्याचा मोह आवरावा. बुडबुडा आलाच, तर आतली पेराएवढी व्हॉल्व्ह ट्यूब वाळून चिरलेली निघते आणि पोरे निर्दोष सुटतात.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की ‘उन्हात हवा फुगते’ म्हणत निम्मीच भरावी. वीस अंशांनी दाब वाढतो जेमतेम चार-पाच पौंडांनी, पण हा हिशेब घरात कुणाला सांगू नये. अर्ध्या हवेवर खड्ड्याचा प्रयोग बारमाही चालतो.

एवढे करूनही पंक्चर झाले नाही, तर घरातले कुणीतरी दर आठवड्याला चोरून पंप मारते आहे. आधी त्याला शोधा.