डिटेक्टरवाले काका

केळव्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या सावलीत आढळणारे हे गृहस्थ बहुधा तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले असतात. मुलाने परदेशातून आणलेला मेटल डिटेक्टर ही त्यांची मुख्य ओळख. १७३९ साली मराठ्यांनी केळवे-माहीम घेतले तेव्हा पोर्तुगीज घाईत काहीतरी पुरून गेलेच असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते. फक्त ते उकरण्याआधी वायरचा बंदोबस्त झाला पाहिजे.

खाली कॉइलची तबकडी, वर पेटी आणि दोहोंना जोडणारी वायर, एवढेच हे यंत्र. वायर सहसा दांड्याला बाहेरून घट्ट गुंडाळतात, कारण कॉइलजवळ ती सैल हलली तरी यंत्र उगाच वाजते. काकांना ते गबाळे दिसते. वायर दांड्याच्या पोटातूनच गेली पाहिजे. त्यासाठी तंगुसाला नट बांधून तो वरून दांड्यात सोडायचा, खाली आला की तंगुसाला वायर बांधून वर ओढायची. लेंग्यात नाडी ओवण्याचाच प्रकार. प्लग जाड असल्याने आत शिरत नाही. मग तो कापायचा, वायर ओवायची आणि एकेका बारीक तारेला डाग द्यायचा. पाचवा डाग देऊन झाला की प्लगची टोपी आधी वायरीत घालायची राहिली, हे ध्यानात येते. टोपी समोर टेबलावरच असते. एवढे करून दांडा लांब केला की वायर ताणते, मिटला की आत गुंता होतो.

यथावकाश काका पाण्याच्या कडेला पोहोचतात. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, त्यामुळे साधा डिटेक्टर तिथे विनाकारण कोकलतो. काकांचा संशय मात्र स्वतःच्या डागावर. प्लग पुन्हा उघडला जातो.

‘‘काका, गावलं काय?’’ भजीवाला विचारतो.

‘‘अजून सेटिंग चाललंय.’’

बिनवायरचे डिटेक्टरही आता मिळतात. काकांना ते ठाऊक आहे, पण तो विषय घरात कोणी काढलेला त्यांना खपत नाही.

१८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काकांनी अर्जाचा मसुदा तयार ठेवला आहे. सोडा-बाटलीच्या बुचांना हा कायदा लागू होत नाही.