पोटाच्या मालकांस अनावृत पत्र

प्रति,
पोटाचे सन्माननीय मालक,
मु. पो. सडक अर्जुनी, जि. गोंदिया.

विषय : मालकीहक्काच्या मर्यादा कळविण्याबाबत.

महोदय,

लग्नाच्या पंगतीत, कोहमाऱ्याच्या चौकातील टपरीवर आणि रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावर ‘पोट आपले आहे, त्यात काय घालायचे ते आपण ठरवू’ अशी ग्वाही मालक ज्या आत्मविश्वासाने देतात, तो पाहून पचनसंस्थेस समाधान वाटते. परंतु मालकीची कागदपत्रे तपासली असता काही तपशील मालकांच्या नजरेतून सुटल्याचे दिसते. पचनमार्ग ही ओठांपासून गुदद्वारापर्यंतची सलग नळी असून स्नायू सैल पडल्यावर मोजल्यास ती सुमारे ९ मीटर भरते. एवढ्या लांबीत मालकांचा हुकूम चालतो तो केवळ दोन टोकांवर : वरच्या अंगाला तोंड व घसा, जेथे ऐच्छिक म्हणजे इच्छेनुसार हलणारे स्नायू आहेत, आणि खालच्या अंगाला गुदद्वाराचे बाहेरचे वलय. मधला सारा मुलूख अनैच्छिक स्नायूंच्या ताब्यात असून त्याचा कारभार आतड्याच्या भिंतीतच विणलेले चेतापेशींचे जाळे, म्हणजे आंत्रीय चेतासंस्था, पाहते; मेंदूशी तिचा पत्रव्यवहार असतो, पण मालकांची सही घेण्याचा प्रघात तेथे नाही.

मालकांच्या अखत्यारीतील पहिल्या टोकाची अवस्था मात्र चिंताजनक आहे. लाळग्रंथी दिवसाकाठी एक ते दीड लिटर लाळ पुरवतात आणि तिच्यातील अमायलेज नावाचे विकर, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन, भातातील पिष्टाचे तुकडे करून त्यातून साखर मोकळी करू लागते. म्हणूनच नुसता भात बराच वेळ चावला तर गोडसर लागतो. धानाच्या या जिल्ह्यात ही गोडी चाखलेले मालक विरळाच, कारण घास दातांना ओझरता नमस्कार करून परस्पर घशाखाली उतरतो. जठराला दात नसतात, एवढी बाब यानिमित्ताने नोंदवून ठेवणे भाग आहे.

घासाला जो वेळ मिळत नाही, तो खर्ऱ्याला मात्र मुबलक मिळतो. सुपारीचा चुरा, सुगंधी तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून एकजीव होईपर्यंत घोटायचा आणि नंतर ती गोळी गालात तासन्‌तास मुरवायची, या कामी मालकांची चिकाटी वाखाणण्याजोगी आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पन्नी मात्र फिरतच राहिली. सुपारीतील अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली तंतूंचे जाड थर साचत जातात, अस्तर ताठर होते आणि पुढे पुढे तोंडात दोन बोटेही जाईनाशी होतात; तंबाखू कर्करोगाची तजवीज करते, ती वेगळीच. पोटाच्या कारभारात मालकांना अवघी दोन टोके मिळालेली असताना त्यांपैकी एक अशा रीतीने स्वतःहून बंद करून घेण्याच्या औदार्याला तोड नाही.

गिळलेला घास पुढे अन्ननलिकेच्या क्रमसंकोचाने, म्हणजे स्नायू मागून आवळत व पुढे सैल होत जाण्याच्या लाटेने, जठरात पोचतो. तेथील हायड्रोक्लोरिक आम्लात पेप्सिन हे विकर प्रथिने तोडते, आणि स्वतः जठर त्यात विरघळू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूस श्लेष्म्याचा थर असतो. मालक ज्या आम्लाला ‘ॲसिडिटी’ म्हणून पुडी फोडून पळवून लावतात, त्याच्याविना हे काम होत नाही. जळजळ होते ती बहुधा आम्ल आपली जागा सोडून अन्ननलिकेत चढते तेव्हा, आणि पाचव्या आग्रहाच्या बुंदीनंतर लगेच आडवे होण्याने त्याला चढायला वाट मिळते. जठर आलेला माल एकदम पुढे ढकलत नाही. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या दारातून बांध्यांना बेताने पाणी सोडावे, तसे ते जठरनिर्गमाच्या वलयातून थोडाथोडा कालवलेला रस सोडते, आणि त्यात तेलतूप जास्त असेल तर आतडे उलट निरोप धाडून हा वेग आणखी कमी करते. रात्रीच्या रश्श्याचा तर्रीदार भार सकाळपर्यंत जाणवण्याचे एक कारण या निरोपात आहे.

या मुलखात मालकांना कोणी विचारत नाही, याचा पुरावा १९०२ मध्ये लंडनला मिळाला. बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याच्या लहान आतड्याच्या तुकड्याकडे जाणारे सर्व चेतातंतू तोडले आणि त्या तुकड्यात आम्ल घातले, तरीही दूर असलेल्या स्वादुपिंडातून पाचकरस पाझरू लागला. निरोप चेतातंतूंवाचून रक्तावाटे गेला होता. तो नेणाऱ्या द्रव्याला सिक्रेटिन म्हणतात. त्याच्या सांगण्यावरून स्वादुपिंड क्षारयुक्त रस पाठवते आणि आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या सुमारे २५ सेंटिमीटर भागात, जठराचे आम्ल शमते. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठलेले पित्त तेथेच स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करते आणि स्वादुपिंडाची विकरे उरलेली तोडफोड पार पाडतात. पुढे रसांकुर, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे, साखर व अमिनो आम्ले रक्तात घेऊन यकृताकडे रवाना करतात, तर स्निग्धांश लसिकावाहिन्यांच्या वाटेने जातो. या अस्तराचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असल्याचे पुस्तके दीर्घकाळ सांगत आली. २०१४ मधील मोजणीने संपूर्ण पचनमार्गाचा आकडा सुमारे ३२ चौरस मीटरवर, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानावर, आणून ठेवला.

रात्रीच्या शिळ्या भाताविषयी मालकांनी अलीकडे बाळगलेला संकोच अनाठायी आहे. शिजलेला भात थंड झाल्यावर त्यातील काही पिष्टाची रचना पुन्हा घट्ट होते, त्यामुळे तेवढे पिष्ट लहान आतड्यातील विकरांना दाद न देता मोठ्या आतड्यात पोचते आणि तेथील जिवाणू ते आंबवून ब्युटिरिक आम्लासारखी द्रव्ये तयार करतात, ज्यांवर मोठ्या आतड्याच्या पेशींचे पोषण होते. मात्र भात रात्रभर उघड्यावर व उबेत राहिला, तर त्यात आधी भलतेच जिवाणू पंगत मांडतात. तो वेळीच थंड करून झाकून ठेवणे हे वरच्या टोकाच्या अधिकारातले काम आहे.

पाण्याचा हिशेबही सादर करण्यात येत आहे. दिवसभरात आतड्यात उतरणाऱ्या सुमारे ९ लिटर द्रवापैकी मालकांनी प्यालेले जेमतेम २ लिटर असते, बाकीचे लाळ, जठररस, पित्त आदी रूपांत शरीरच पुरवते आणि शेवटी जवळजवळ सगळे परत शोषून घेते. मळावाटे जाते ते १०० ते २०० मिलिलिटर. दुसऱ्या टोकाच्या आतले वलय मालकांचे ऐकत नाही, बाहेरचे ऐकते, आणि बस निघायची वेळ झाली म्हणून ते रोज दाबून धरल्यास मोठे आतडे तेवढ्या वेळात मळातील पाणी आणखी शोषते व तो कडक करून ठेवते. अधिकार वापरल्याचा हा परिणाम असल्याने त्याबाबतची तक्रार मधल्या विभागाकडे स्वीकारली जाणार नाही.

कळावे,
पचनसंस्था

प्रत माहितीसाठी : आंत्रपुच्छ, ज्याची दखल ते दुखू लागेपर्यंत कोणी घेत नाही.