पेनसिल्व्हेनियाकाका

नोव्हेंबर 2020च्या पहिल्या आठवड्यात आमच्या सकाळच्या फेरीत एकच चौकशी चालायची, ‘‘काका, पेनसिल्व्हेनिया काय म्हणतंय?’’ काका मास्क हनुवटीवर ओढायचे आणि घरात कुणी अत्यवस्थ असावं तशा आवाजात सांगायचे, ‘‘अजून हाताला लागत नाही. फिलाडेल्फियाची पोस्टातली मतं बाकी आहेत.’’ असं चार दिवस चाललं. नेरूळच्या ‘ज्वेल’ला तलावाभोवती फिरणारी आमची मंडळी एरवी शुगर, गुडघे आणि सोसायटीचा मेंटेनन्स या तीन विषयांपलीकडे जात नाहीत. ती पेनसिल्व्हेनियाच्या वीस इलेक्टोरांच्या काळजीनं हळू चालायला लागली. काकांचं खरं नाव जिन्याखालच्या पाटीवर आहे, पण त्या आठवड्यापासून ते कुणी वाचत नाही. ते पेनसिल्व्हेनियाकाका झाले ते झालेच.

अशी व्यक्ती तुमच्याही सेक्टरमध्ये असणार. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि तिनं आखून-मोजून शहर उभं केलं. शाळेला जागा ठेवली, बाजाराला ठेवली, बागेला ठेवली. अमेरिकातज्ज्ञासाठी आरक्षण ठेवायचं राहिलं, तर तो प्रत्येक सेक्टरनं आपापल्या हिमतीवर तयार केला. ओळखायला सोपा असतो. अंगात मुलाच्या कंपनीचा टी-शर्ट, पायात मुलानं टाकून दिलेले आणि यांनी ‘चांगले आहेत की’ म्हणून विमानातून परत आणलेले बूट, हातात मात्र बँकेच्या शतकमहोत्सवाची कापडी पिशवी. म्हणजे वरून न्यू जर्सी आणि खाली नेरूळ, असंही म्हणता येत नाही. सगळंच मधे कुठेतरी लोंबकळलेलं.

काकांचं ज्ञान मात्र लोंबकळतं नाही. अमेरिकेत मतदान मंगळवारीच का, हे त्यांनी एकदा भाजीवाल्या मावशींना समजावून सांगितलं. मी मेथी निवडत उभा होतो म्हणून साक्षीदार आहे. ‘‘1845चा कायदा. तेव्हा सगळे शेतकरी. रविवारी चर्च, सोमवारी घोडागाडीनं निघायचं, बुधवारी बाजार. मधे उरला मंगळवार.’’ मावशी म्हणाल्या, ‘‘बरोबरच आहे. बाजाराच्या दिवशी कोण मत द्यायला जाईल? कोथिंबीर किती देऊ?’’ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास इतक्या चटकन कुणी पटवून घेतला नव्हता, म्हणून काकांनी खूश होऊन दोन जुड्या घेतल्या.

हे वेड लागलं 2000 साली. काका तेव्हा सरकारी बँकेत होते आणि बँकांत स्वेच्छानिवृत्तीचं वारं सुरू झालं होतं. फॉर्म भरू की नको या घालमेलीत ते रात्री टीव्ही लावून बसायचे, आणि टीव्हीवर फ्लोरिडाची फेरमोजणी. बुश आणि गोर यांच्यात फरक किती, तर 537 मतांचा. भिंग लावून मतपत्रिकेची भोकं तपासणारी माणसं बघून काकांना भरून आलं. ज्या माणसानं एकोणतीस रुपयांचा फरक सापडेपर्यंत अख्ख्या शाखेला रात्री साडेनऊपर्यंत बसवून ठेवलं होतं, त्याला हे लोक आपल्या रक्ताचे वाटले. डिसेंबरात तिकडच्या सुप्रीम कोर्टानं मोजणी थांबवली, आणि इकडे काकांनी फॉर्म भरला. ‘‘टॅली न होता दिवस बंद केला!’’ हे ते अजून हळहळून म्हणतात. त्यांना बुशबद्दल राग नाही, गोरबद्दल प्रेम नाही. खातं जुळलं नाही, एवढंच दुःख आहे.

आता मालिकांकडे वळू. काका मालिका बघत नाहीत. हे ते स्वतः सांगतात, रोज सांगतात. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत काकू मालिका बघतात आणि काका त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पेपर उघडून बसतात. मी एकदा चावी द्यायला गेलो, तर अर्धा तास झाला तरी पान तेच. बघितलं तर ‘जाहीर नोटीस’चं पान. कुणाच्या तरी हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटवर इतकं चिंतन खुद्द मालकानंही केलं नसेल. तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी दाराआड उभं राहून काहीतरी ऐकलं आणि पेपरामागून आवाज आला, ‘‘आता ही जाऊन सांगणार. मागच्या गणपतीतही हेच केलं होतं.’’

गंमत अशी, की काका मालिकांबद्दल बोलतात ते राजकारणाच्या भाषेत आणि राजकारणाबद्दल बोलतात ते मालिकेच्या. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ जोरात होती तेव्हा ते म्हणायचे, ‘‘शनायाकडे आकडा नाही. राधिका सहानुभूतीवर निघून जाईल.’’ आणि बायडेन यांच्याबद्दल म्हणायचे, ‘‘आजोबांनी आता चाव्या सुनेकडे द्याव्यात.’’ ‘ठरलं तर मग’मधली कोर्टकेस लांबत गेली तेव्हा तर त्यांनी थेट तुलनाच मांडली. ‘‘न्यूयॉर्कला बघा. 34 आरोप, सहा-सात आठवड्यांत ज्युरीचा निकाल. आणि तुमचा हा अर्जुन वकील! अजून पुरावाच शोधतोय.’’ काकू शांतपणे म्हणाल्या, ‘‘निकाल लागून तुमच्या तात्याचं काय झालं? अर्जुनाचे अशील निदान तुरुंगात तरी आहेत.’’

तात्या म्हणजे ट्रम्प. हे नाव काकांनी ठेवलेलं नाही, अवघ्या महाराष्ट्रानं ठेवलेलं आहे. गावात एक तात्या असतोच. मोठ्यानं बोलतो, जमिनीचे व्यवहार करतो, भावकीतल्या प्रत्येकाला कोर्टात खेचतो आणि लग्नात पहिल्या पंगतीला बसतो. 2016 साली टीव्हीवर तो दिसल्याबरोबर मराठी माणसानं ओळखला. बाकीचं जग त्याच्यावर ग्रंथ लिहीत बसलं, आपण एका शब्दात काम उरकलं.

त्यातही नवल असं, की तात्या राजकारणात आले ते टीव्हीवरूनच. 2004 पासून पुढं अनेक वर्षं ‘द अप्रेंटिस’मध्ये समोरच्याला ‘तुला काढलं’ म्हणणं हाच त्यांचा धंदा होता. आणि ही सरमिसळ त्याहूनही जुनी. 1980 साली ‘डॅलस’ मालिकेतल्या जे. आर.ला गोळी कुणी घातली या प्रश्नावर अख्खी अमेरिका आठ महिने अडकली होती. त्याच काळात रेगन-कार्टर निवडणूक आली, तर रिपब्लिकनांनी ‘जे. आर.ला डेमोक्रॅटनं गोळी घातली’ असे बिल्ले वाटले. हे मला काकांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, ‘‘म्हणून मी हिला सांगतो, मालिका बघणं हा वेळेचा अपव्यय आहे.’’

भाकितांच्या बाबतीत काकांचं सातत्य वाखाणण्यासारखं आहे. 2016 साली त्यांनी हिलरी सांगितली होती. 8 नोव्हेंबरला तिकडे मतदान, म्हणून काकांनी रात्र जागवायची तयारी केली, थर्मास भरून ठेवला. रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या. मग काकूंनी काही न बोलता पोह्यांचा डबा आणला, त्यामागून साबुदाण्याचा, त्यामागून देव्हाऱ्याच्या खणातली पितळी पेटी. काका पहाटेपर्यंत नोटा मोजत होते. जन्मभर लोकांची रोकड मोजली, स्वतःच्या घरातली कधी कळली नाही. दुपारी तात्या जिंकल्याचं कुणीतरी सांगितलं, तर म्हणाले, ‘‘असेल. आता मला कशाचंच आश्चर्य वाटत नाही.’’

2020चा निकाल तर त्यांना नीट बघताही आला नाही. चार दिवस पेनसिल्व्हेनियाच्या उशाशी बसून काढले, आणि तिनं नेमकी वेळ निवडली शनिवारी रात्री दहाच्या ठोक्याला. रिमोट काकूंकडे. पडद्यावर कुणाच्या तरी दुधात काहीतरी मिसळलं जात होतं. ‘‘अगं, एकच मिनिट...’’ ‘‘अहो, ती पिते की नाही तेवढं बघू द्या.’’ तिनं पेला ओठांना लावला, जाहिराती लागल्या, आणि तोवर बायडेन अध्यक्ष होऊन गेले होते.

पण काकांचा खरा पराभव अमेरिकेनं केला नाही, तो झाला घरच्या मैदानात. नोव्हेंबर 2019. तात्यांच्या महाभियोगाच्या सुनावण्या चालू होत्या, काका उत्तररात्रीपर्यंत साक्षी ऐकून थकले होते. तारीख 23, शनिवार, सकाळी आठचा सुमार. काकूंनी हलवून उठवलं, ‘‘अहो, उठा. शपथ झाली.’’

‘‘कुणाची?’’

‘‘फडणवीसांची. आणि सोबत अजितदादा.’’

काका कूस बदलून म्हणाले, ‘‘सकाळी सकाळी कसले रिपीट बघतेस?’’

त्यानंतर महाराष्ट्रात जे झालं ते काकांना झेपलं नाही. ते सरकार चार दिवसांतच गेलं. पुढं एका पक्षाचे दोन झाले, मग दुसऱ्याचे दोन झाले, जुनी चिन्हं एकीकडे, जुनी माणसं दुसरीकडे. ‘‘अमेरिकेत कसं, हत्ती आणि गाढव. दीडशे वर्षं तेच. आपल्याकडे कोण कुणाच्या माहेरी राहतंय लक्षातच राहत नाही.’’ काकूंना मात्र काडीची अडचण आली नाही. कोण कुणाचा पुतण्या, कोण रुसून गेलं, कोण गुवाहाटीला होतं, कोण परतलं, हे त्या भाजी चिरता चिरता सांगतात. वीस-पंचवीस वर्षांचा सराव आहे. ‘आभाळमाया’पासून त्यांनी एकही घर अर्ध्यावर सोडलेलं नाही.

आणि 2024चं भाकीत बरोबर ठरलं तेही काकूंचंच. जुलैमध्ये पेनसिल्व्हेनियातच, बटलरला, तात्यांच्या कानाला गोळी चाटून गेली. आठवड्यानं बायडेन बाजूला झाले आणि कमला हॅरिस आल्या. काकांनी लगेच कमलाताईंच्या नावानं फेरीत चहा कबूल केला. त्यांच्याकडे शास्त्राधार होता. ‘‘अध्यक्ष असताना हरून परत अध्यक्ष झालेला एकच. ग्रोव्हर क्लीव्हलँड, 1892. त्याला 132 वर्षं झाली.’’ काकू मटार सोलत होत्या. म्हणाल्या, ‘‘मालिकेतला मिहीर मेला होता, तो परत आला. घराबाहेर काढलेलं मुख्य माणूस परत येतंच. आल्याशिवाय मालिका संपवत नाहीत.’’

6 नोव्हेंबरला काका पहाटे साडेपाचला टीव्हीसमोर. तिकडची मतदान केंद्रं बंद होतात तेव्हा इकडे दूधवाला येतो, ही सोय मात्र छान आहे. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. डब्याच्या तळाशी शेंगदाणे नसलेला चिवडा उरला होता, तो बशीत घेऊन आम्ही दोघं-तिघं बसलो. जॉर्जिया गेलं, चिवडा संपला. दुपारी एकच्या सुमारास, काकांनी वरणभात कालवलेला असताना, पेनसिल्व्हेनिया तात्यांकडे गेलं. काकांनी घास खाली ठेवला. ज्या राज्यानं त्यांना नाव दिलं, त्यानंच घात केला. काकूंनी भातावर तूप वाढलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘मी सांगितलं होतं.’’ दुसऱ्या दिवशी फेरीत काकांनी निवेदन केलं, ‘‘माझं चुकलेलं नाही. मतदारांचं चुकलंय.’’ चहा मात्र त्यांनी पाजला. खातं जुळवायच्या बाबतीत माणूस चोख.

एक गोष्ट मला पुढच्या वर्षी दिसली. सप्टेंबर 2025मध्ये तात्यांनी एच-वन-बीच्या अर्जावर एक लाख डॉलर फी लावल्याची बातमी आली. काकांचा मुलगा त्याच व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. त्या घराण्यात अमेरिकेत मत देऊ शकेल असा एकच, नातू, तिकडे 2018 साली जन्मलेला. म्हणजे 2036 उजाडणार. त्या रात्री त्यांचा दिवा उशिरापर्यंत चालू होता, आणि टीव्हीचा आवाज नव्हता. फी नव्या अर्जांनाच आहे, हे मुलानं फोनवर दोनदा सांगितलं. काकांनी इलेक्टोरांबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, ‘‘जेवलास का?’’ दुसऱ्या दिवसापासून ते ‘तात्या’ म्हणत नाहीत. नुसतं ‘ट्रम्प’. नातं तोडायची याहून कडक रीत मराठीत नाही.

मग जानेवारी 2026मध्ये आमच्या महापालिकेची निवडणूक आली. त्याआधीचं मतदान एप्रिल 2015चं, तेव्हा तात्या आपल्या टॉवरच्या सरकत्या जिन्यावरून उमेदवारी जाहीर करायला खाली उतरायचे होते. 2020 साली पालिकेची मुदत संपली. तेव्हापासून आम्ही प्रशासकाच्या हाती होतो, आणि काकांनी या काळात अमेरिकेचे दोन अध्यक्ष बदलून बघितले. आता 15 तारखेला मतदान, प्रभाग नवा, एका प्रभागात जागा चार, अ, ब, क, ड. काकांनी स्लिप उलटसुलट केली. 538 इलेक्टोर, 270चं बहुमत, नेब्रास्काची वाटणी, सगळं तोंडपाठ असलेला माणूस म्हणाला, ‘‘एका माणसानं चार मतं द्यायची? हे कसं लक्षात राहणार?’’

काकू पायात चपला अडकवत होत्या. ‘‘अहो, मी रोज चार मालिका बघते. एकीचं दुसरीत कधी मिसळलंय?’’

शाळेच्या पटांगणात तासभर रांग होती. दोघं बाहेर आले ते बोटाच्या शाईवर फुंकर मारत. गेटपर्यंत काका गप्प होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘अगं, ते क-मधे आपण कुणाला दिलं?’’

‘‘उद्याच्या भागात कळेल,’’ काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मोजणी होती.